फेटा आणि पासपोर्ट : अंतोन दोन्चेव्ह यांच्या एका कादंबरीचं प्रकरण

बल्गेरियाच्या दक्षिणेला, ग्रीसच्या सरहद्दीलगत रोदोपी नावाची डोंगररांग आहे. तिच्या पश्चिम अंगाला चेपिनो खोऱ्यात, वेलिन्ग्राद शहराजवळ, द्रागिनोवो हे मोठं गाव आहे. गावातली जवळजवळ सगळी वस्ती मुसलमान. पण हे लोक तुर्की बोलत नाहीत, घरात आणि बाजारात त्यांची भाषा बल्गेरियनच असते. अशा बल्गेरियनभाषक मुसलमानांना तिकडे पोमाक म्हणतात.

गावाचं जुनं नाव कोरोवो. कम्युनिस्ट राजवटीत, १९७०च्या दशकात ते बदललं आणि मेतोदी द्रागिनोव्ह या कोरोवोच्याच एका ख्रिस्ती पाद्र्याचं नाव गावाला दिलं गेलं. चेपिनोतल्या ख्रिश्चनांना सतराव्या शतकात तलवारीच्या धाकाने मुसलमान कसं केलं, त्याची हकीकत या पाद्र्याने डोळ्यांनी पाहून लिहून ठेवली, असं शंभर वर्षं मानलं जात होतं. सरकारचं म्हणणं थोडक्यात असं होतं : तुमच्या पूर्वजांचा धर्म जबरदस्तीने बदलला, त्याची साक्ष देणाऱ्याचं नाव तुमच्या गावाला दिलंय, आता तुमचीही नावं बदला.

त्या पाद्र्याची हकीकत सतराव्या शतकातली नाहीच, ती एकोणिसाव्या शतकात रचलेली आहे, हे आज बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. पण तोवर तिच्या पायावर बल्गेरियन भाषेतली एक अत्यंत ताकदीची ऐतिहासिक कादंबरी उभी राहिली होती. 'व्रेमे राझदेल्नो', म्हणजे 'ताटातुटीचा काळ'. लेखक अंतोन दोन्चेव्ह, प्रकाशनाचं साल १९६४. ही कादंबरी मी मार्गरिट अलेक्सिएवा यांच्या इंग्रजी भाषांतरातून पहिल्यांदा वाचली तेव्हा हे काहीच ठाऊक नव्हतं, आणि वाचून संपल्यावर दोन दिवस दुसरं काही वाचवलं नाही. नंतर एकेक गोष्ट कळत गेली. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच.

लेखक

दोन्चेव्ह यांचा जन्म १४ सप्टेंबर १९३०चा, काळ्या समुद्राकाठच्या बुर्गास शहरातला. शाळा वेलिको तर्नोवोत झाली. हे गाव म्हणजे मध्ययुगीन बल्गेरियन राज्याची राजधानी, किल्ल्याचे अवशेष रोज डोळ्यांसमोर. १९५३मध्ये त्यांनी सोफिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, पण कोर्टकचेरीची वाट सोडून ते लिहिण्याकडे वळले. पहिली कादंबरी दिमितर मान्तोव्ह यांच्याबरोबर लिहिली. मग १९६१मध्ये दहाव्या-अकराव्या शतकातला राजा सामुइल याच्या काळावर मोठी कादंबरी आली. पुढच्या आयुष्यात त्यांनी बल्गेरियन राज्याचा संस्थापक हान अस्पारुख याच्यावर अनेक खंडांची गाथा लिहिली, बोगोमिल या मध्ययुगातल्या बंडखोर ख्रिस्ती पंथाच्या गुप्त ग्रंथाभोवती फिरणारी एका सरदाराची गोष्ट लिहिली, चित्रपटांच्या पटकथा लिहिल्या. २००३मध्ये बल्गेरियाच्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतलं. २० ऑक्टोबर २०२२ला, ९२व्या वर्षी ते गेले.

इतकं सगळं लिहूनही त्यांचं नाव निघालं की एकच पुस्तक आठवतं. ते आपण ४१ दिवसांत लिहिलं, असं ते सांगत असत. कादंबरी वाचताना हे पटतं. तिला एका दमात सांगितल्याचा वेग आहे, कुठे बसून कोरीवकाम केल्याचं जाणवत नाही.

कादंबरी

साल १६६८. क्रीट बेटावरच्या कान्दिया किल्ल्याला उस्मानी फौजांनी वीस वर्षं वेढा घातलेला आहे. (हा वेढा इतिहासात खरोखर घडला. १६४८ ते १६६९ असा तो चालला आणि शेवटी व्हेनिसवाल्यांनी किल्ला सोडला.) त्याच सुमारास रोदोपीतल्या एलिंदेन्या नावाच्या खोऱ्यात काराइब्राहिम हा जानिसार, म्हणजे सुलतानाच्या खास फौजेतला माणूस, आपले स्वार घेऊन येतो. त्याला हुकूम आहे की खोऱ्यातल्या सगळ्या ख्रिश्चनांनी फेटा बांधावा, म्हणजे इस्लाम स्वीकारावा. नाही म्हणतील त्यांचं काय करायचं हे त्याच्यावर सोपवलेलं आहे.

काराइब्राहिम परका नाही. तो याच खोऱ्यातला. लहानपणी देवशिर्मेत, म्हणजे ख्रिस्ती कुटुंबांतले मुलगे उचलून नेण्याच्या उस्मानी पद्धतीत, त्याला नेलेलं. त्याचा म्हातारा बाप, भाऊ आणि बहीण अजून इथेच राहतात. जबरदस्ती करायला आलेला माणूस स्वतःच जबरदस्तीतून घडलेला आहे, हा कादंबरीचा कणा. त्याच्यासमोर उभा आहे मानोल, मेंढपाळांचा म्होरक्या. रोदोपीत मेंढपाळ म्हणजे कळप हाकणारा गरीब गडी नव्हे. हजारो मेंढरं घेऊन हिवाळ्यात एजियन समुद्राकडे उतरणारा आणि उन्हाळ्यात पुन्हा डोंगर चढणारा तो मातब्बर माणूस असतो, आणि त्याचा शब्द खोऱ्यात चालतो.

ही गोष्ट दोघेजण आळीपाळीने सांगतात. एक पोप अलिगोर्को. तिकडे पोप म्हणजे गावचा, बायकामुलं असलेला पाद्री, रोमच्या पोपाशी त्याचा संबंध नाही. अलिगोर्कोचं सांगणं जुन्या पोथीसारखं आहे, वाक्यं लहान, मधूनच प्रार्थनेची लय. दुसऱ्याला सगळे 'व्हेनिसवाला' म्हणतात. तो मूळचा फ्रेंच उमराव, क्रीटच्या लढाईत कैद झालेला, जीव वाचवायला मुसलमान झालेला आणि आता काराइब्राहिमच्या सोबत आलेला. तो सुशिक्षित आहे, संशयी आहे, आणि स्वतः एकदा धर्म सोडून बसलेला आहे. आपल्याला जे जमलं नाही ते हे अडाणी डोंगरी लोक कसे करतात, हे त्याला समजून घ्यायचं आहे. हा माणूस हळूहळू त्या लोकांचा होत जातो. माझ्या मते कादंबरीतला सगळ्यात सुंदर भाग तोच.

या दोन आवाजांमुळे कादंबरी नुसती वीरगाथा होत नाही. गावातल्या कर्त्या माणसांना वाड्यात कोंडलं जातं, एकेकाला छळून मारलं जातं. दोन्चेव्ह हे थांबून, डोळे न मिटता दाखवतात. पण खरी धार शेवटी आहे. लोक एकेक करून मरत असताना अलिगोर्कोच्या मनात उलटा प्रश्न उभा राहतो. सगळे शहीद झाले तर खोऱ्यात उरणार कोण? मग हा पाद्रीच, ज्याचं सगळं आयुष्य क्रुसाभोवती गेलं तोच, लोकांना फेटा बांधून जिवंत राहायला सांगतो. खोऱ्याची दोन भागांत ताटातूट होते. काही जण डोंगरात निघून जातात, काही जण फेटा बांधून घरी परततात. दोघंही एकाच आईची मुलं. शीर्षकातली ताटातूट तीच.

आता पोमाकांच्या बाजूने हे वाचून पाहा. कादंबरी त्यांना गद्दार म्हणत नाही. त्यांच्या पूर्वजांनी जगण्यासाठी जे केलं ते ती समजून घेते, त्याला जवळजवळ पुण्य मानते. पण त्याच श्वासात ती सांगते की तुमचा धर्म हा एका जखमेचा व्रण आहे, मूळचे तुम्ही आमचेच. ही माया आहे, आणि तिच्यात एक मागणीही दडलेली आहे. पुढे ती मागणी पोलिसांच्या तोंडी आली.

कागद

मराठीत बखर आणि अस्सल कागद यांतला फरक आपण शंभर-सव्वाशे वर्षं घोकत आलो आहोत. बखरीत काय सांगितलंय यापेक्षा ती कुणी, कधी, कशासाठी लिहिली हे आधी विचारायचं, ही शिस्त राजवाड्यांच्या पिढीने आपल्याला लावली. मेतोदी द्रागिनोव्हच्या हकीकतीलाही हेच प्रश्न विचारायला हवे होते. ते फार उशिरा विचारले गेले.

ही हकीकत पहिल्यांदा छापून आली १८७०मध्ये, व्हिएन्नात. ती छापणारे स्तेफान झाखारिएव्ह हे तातार पाझार्जिकचे हौशी अभ्यासक. आपल्या तालुक्याचा भूगोल, इतिहास आणि लोकसंख्या यांवर त्यांनी एक पुस्तक काढलं, त्यात हा मजकूर दिला. मूळ हस्तलिखित नंतर कुणाच्या हाती लागलं नाही. जे आहे ते झाखारिएव्ह यांच्या पुस्तकातलं छापील रूप.

मजकूर लहानच आहे, पण अंगावर काटा आणणारा. सुलतान चौथा मेहमेद लढाईला निघालेला. एक पाशा जानिसारांसकट चेपिनोत उतरतो, पाद्री आणि पाटील लोकांना साखळदंड घालतो. प्लोव्दिवचा बिशप गाव्रिइल याने म्हणे चुगली केली आहे की चेपिनोवाले कर देत नाहीत, बंडखोर आहेत. पाशा त्यांची मुंडकी उडवायला निघतो, तेवढ्यात काराइमाम हसन होजा मध्ये पडून म्हणतो की मुसलमान होत असतील तर माफ करा. मग धर्मांतर, उपाशी लोकांना धान्य, नाही म्हणणाऱ्यांची घरं जाळणं. शेवटी आकडे येतात. आजूबाजूच्या मुलखातली ३३ मठ आणि २१८ चर्चेस पाडली.

यात बिशप गाव्रिइलकडे नीट पाहायला हवं. प्लोव्दिवचा बिशप म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक धर्मपीठाचा माणूस. १८६०च्या दशकात बल्गेरियन लोकांचं या ग्रीक धर्मपीठाशी कडाक्याचं भांडण चालू होतं. त्यांना आपली स्वतंत्र चर्चव्यवस्था हवी होती, आणि प्लोव्दिव हा त्या भांडणाचा एक आखाडाच होता. फेब्रुवारी १८७०मध्ये सुलतानाच्या फर्मानाने स्वतंत्र बल्गेरियन धर्मपीठ मान्य झालं. त्याच वर्षी हे पुस्तक छापलं गेलं. हकीकतीत तलवार तुर्काची असली तरी दोष ग्रीक बिशपाचा आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या खेड्यातल्या पाद्र्याने लिहिलेल्या कागदात १८७०मधला राग इतका चपखल बसावा, हे पहिल्या वाचनातच खटकायला हवं होतं.

भाषेच्या अंगाने हा कागद तपासला इलिया तोदोरोव्ह यांनी. मजकुराची भाषा सतराव्या शतकातली असणं शक्य नाही, ती एकोणिसाव्या शतकातली आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. जुन्या बल्गेरियन साहित्याला वाहिलेल्या एका विद्वत्तापूर्ण नियतकालिकात तो लेख आला. साल १९८४. हे साल लक्षात ठेवावं. अंतोनिना झेल्याझ्कोवा यांनी १९९०मध्ये या हकीकतीसकट अशा अनेक 'देशी साधनां'च्या खरेपणावर मोठा लेख लिहिला, आणि मग मोकळेपणी चर्चा सुरू झाली.

मग रोदोपीत इस्लाम कसा पसरला? याची उत्तरं उस्मानी करवसुलीच्या वह्यांत सापडतात. त्यांना देफ्तेर म्हणतात, आपल्या दप्तराचाच भाऊबंद. घराघरातल्या कर्त्यांची नावं त्यांत ओळीने दिलेली असतात. नव्याने मुसलमान झालेल्याच्या नावापुढे बापाचं खरं नाव न लिहिता बहुधा 'अब्दुल्लाचा मुलगा', म्हणजे 'देवाच्या सेवकाचा मुलगा' असं लिहीत. त्यामुळे एकाच गावाच्या वेगवेगळ्या काळातल्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या की धर्मांतर किती आणि कधी झालं हे दिसू लागतं. माखिएल कील, एव्गेनी रादुशेव्ह यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे काम केलं. त्यातून दिसलं ते असं की गावं एका उन्हाळ्यात मुसलमान झाली नाहीत. सोळाव्या शतकापासून घरामागून घर, पिढीमागून पिढी बदलत गेली. ख्रिश्चनांवरचा जिझिया, मुसलमान झाल्यावर मिळणारा मान, सैन्यातली आणि दरबारातली वाट, शेजाऱ्याचं पाहून घेतलेला निर्णय अशी त्याची कारणं होती.

आणखी एक साधन मला फार बोलकं वाटतं. नुकत्याच मुसलमान झालेल्या लोकांनी सुलतानाला लिहिलेले अर्ज. मी धर्म स्वीकारला आहे, रिवाजाप्रमाणे मला नव्या कपड्यांचे पैसे मिळावेत. कुणी सोबत नोकरीही मागतो. अंतोन मिन्कोव्ह यांनी १६७० ते १७३० या काळातल्या अशा अर्जांचा अभ्यास केला आहे. म्हणजे कादंबरीतल्या घटनांच्या लगोलग नंतरचाच काळ. त्या अर्जांत तलवार दिसत नाही, गरज दिसते. पण गरजेपोटी धर्म बदलणं म्हणजे राजीखुशी असंही मी म्हणणार नाही. ज्या राज्यात तुमच्या धर्मामुळे तुम्ही खालच्या पायरीवर आहात तिथे 'स्वखुशी' हा शब्द जपून वापरावा लागतो.

उस्मानी राज्यात जुलूम झालाच नाही, असंही म्हणता येत नाही. देवशिर्मे खरं होतं, पोरं नेली जात होती. उस्मानी सत्तेविरुद्धच्या १८७६च्या उठावात याच रोदोपीतल्या बाताक गावात पोमाक बाशीबुझुक, म्हणजे बिनकवायती, टोळ्यांनी जी कत्तल केली, तिची बातमी लंडनपर्यंत पोचली. चर्चमध्ये आसरा घेतलेल्या लोकांनाही सोडलं नाही. बल्गेरियन मनात भीती आणि राग साठला होता तो पोकळ नव्हता. बनावट होता तो एक कागद, आणि त्या कागदाने सांगितलेलं एकाच फटक्यातलं धर्मांतर.

नावं

पोमाकांची नावं बदलण्याचा उद्योग कम्युनिस्टांनी सुरू केला नाही. बाल्कन युद्धांत, १९१२-१३च्या हिवाळ्यात, बल्गेरियन सैन्यामागोमाग आलेल्या पाद्र्यांनी रोदोपीतल्या गावांचा सामुदायिक बाप्तिस्मा केला होता. फेटे आणि फेज टोप्या काढून हॅट घातल्या. लवकरच ते मागे घ्यावं लागलं. नंतर १९४०च्या आसपास पुन्हा प्रयत्न झाला. कम्युनिस्ट सत्तेत आले तेव्हा आधी ती नावं परत दिली गेली, आणि १९६०च्या सुरुवातीपासून ती पुन्हा काढून घ्यायला सुरुवात झाली.

१९६४च्या वसंतात रिब्नोवो या पोमाक गावात नावं बदलायला आलेल्या अधिकाऱ्यांना गावकऱ्यांनी पळवून लावलं. सरकारने तात्पुरती माघार घेतली. त्याच वर्षी 'ताटातुटीचा काळ' पुस्तकांच्या दुकानांत आलं. पक्षाला ते हवं होतं त्याच क्षणी ते आलं, एवढं दिसतंच. पुढे १९७०च्या सुरुवातीला मोहीम पुन्हा सुरू झाली, तेव्हा माघार नव्हती. मार्च १९७३मध्ये कोर्नित्सा गावात विरोध करणाऱ्या लोकांवर गोळ्या चालवल्या, माणसं मेली. १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळपास सगळ्या पोमाकांच्या कागदपत्रांवर बल्गेरियन नावं चढली होती.

मग पाळी आली तुर्कांची. ते पोमाकांसारखे बल्गेरियनभाषक नव्हते. घरी तुर्की बोलणारे, देशातली सगळ्यात मोठी अल्पसंख्य जमात. डिसेंबर १९८४ ते मार्च १९८५ या काही महिन्यांत आठ लाखांहून अधिक लोकांची नावं बदलली गेली. कडाक्याच्या थंडीत पहाटे रणगाडे आणि मिलिशिया गावाला वेढा घालत, माणसांना एकेक करून टेबलापाशी नेत, मंजूर नावांची यादी पुढे ठेवत, आणि नवा पासपोर्ट हाती देत. (त्या काळी देशातलं ओळखपत्रही पासपोर्टच म्हणवलं जाई.) नाव निवडायला नकार दिला तर अधिकारी स्वतःच एखादं लिहून टाकत. मेलेल्या आजोबा-पणजोबांची नावंही दफ्तरातून बदलली. तुर्की बोलण्याला दंड बसला, सुंता गुन्हा ठरली, बायकांच्या सैल शलवारींवर बंदी आली. २६ डिसेंबर १९८४ला मोगिल्याने गावाजवळच्या निदर्शनात पोलिसांच्या गोळीने आईजवळ असलेली दीड वर्षाची मुलगी गेली.

सरकारी भाषेत याला नाव होतं 'पुनरुज्जीवन प्रक्रिया'. नावं 'बदलली' म्हणायची नाहीत, 'परत मिळवली' म्हणायची. युक्तिवाद हा की हे लोक तुर्क नाहीतच, ते जबरदस्तीने मुसलमान केलेल्या बल्गेरियन लोकांचे वंशज आहेत आणि आता मुळांकडे परतत आहेत. याला पुरावा काय, तर द्रागिनोव्हची हकीकत. आणि तो कागद ज्यांच्या मनात चित्र होऊन बसला होता त्यांच्या मनात तो दोन्चेव्ह यांनी बसवला होता. सामान्य बल्गेरियन वाचकाने झाखारिएव्ह यांचं १८७०चं पुस्तक कधी पाहिलं नव्हतं. त्याने मानोलला मरताना पाहिलं होतं.

त्याच १९८४मध्ये इलिया तोदोरोव्ह यांचा लेख आला. एकीकडे कागद बनावट आहे असं एक अभ्यासक पुराव्यानिशी लिहीत होता, दुसरीकडे तोच कागद धरून लाखो लोकांची नावं पुसली जात होती. लेख छापला गेला, वाचणाऱ्यांनी वाचला. पण टेबलामागे बसलेल्या अधिकाऱ्याच्या हातातली यादी त्याने थांबली नाही.

चित्रपट

१९८८मध्ये ल्युदमिल स्ताय्कोव्ह यांनी कादंबरीवर दोन भागांचा चित्रपट केला, 'व्रेमे ना नासिलिए', 'जुलमाचा काळ'. लांबी पावणेपाच तासांहून जास्त. योसिफ सर्चाजिएव्ह यांचा काराइब्राहिम विसरता येत नाही. कान महोत्सवात चित्रपटाची छोटी आवृत्ती दाखवली गेली. कलाकृती म्हणून तो भव्य आहे, यात मला शंका नाही. पण ज्या देशात तीन-चार वर्षांपूर्वीच सैनिकांनी वेढा घालून मुसलमानांची नावं बदलली, त्या देशाच्या सरकारी पैशाने, सैनिकांनी वेढा घालून ख्रिश्चनांचा धर्म बदलल्याचा चित्रपट निघावा, आणि थिएटरात बसलेल्यांनी फक्त ख्रिश्चनांची बाजू पाहून रडावं, हे मला आजही पचत नाही.

पुढच्याच वर्षी, मे १९८९मध्ये, तुर्कांनी देशभर निदर्शनं केली. मग सीमा उघडली आणि उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत साडेतीन लाखांच्या आसपास लोक गाठोडी, पलंग, शिलाई मशीन मोटारींच्या टपांवर बांधून तुर्कस्तानला निघून गेले. सरकारने या पळापळीला 'मोठी सहल' म्हटलं. त्यातले बरेच जण पुढे परतले. १० नोव्हेंबरला कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख तोदोर झिव्कोव्ह यांची सत्ता गेली आणि डिसेंबरच्या शेवटी पक्षाने नावं परत देण्याचा निर्णय घेतला.

दोन्चेव्ह यांचा हिशेब

या सगळ्यात कादंबरीकाराचा वाटा किती धरायचा? मला दोन वेगळी उत्तरं द्यावीशी वाटतात, आणि ती एकमेकांत मिसळायची नाहीत.

१९६४चा हिशेब वेगळा आहे. तेव्हा त्या हकीकतीवर इतिहासकारांचाही विश्वास होता, ती ग्रंथांत छापली जात होती. कादंबरीकाराने तिच्यावर विसंबणं हा गुन्हा नाही. शिवाय दोन्चेव्ह यांनी त्या कागदातलं बरंच काही सोडून दिलं. कागदातला चुगलखोर ग्रीक बिशप बाजूला पडून काराइब्राहिमची कौटुंबिक शोकांतिका पुढे आली. खोऱ्याचा जुना मालक सुलेमान आगा काराइब्राहिमच्या साच्यातला नाही. व्हेनिसवाल्याच्या तोंडून लेखक श्रद्धेच्या नावाने चाललेल्या सगळ्याच हिंसेला प्रश्न विचारतो. प्रचारपुस्तक लिहिणारा माणूस एवढी गुंतागुंत ठेवत नाही.

नंतरच्या वर्षांचा हिशेब कठोर आहे. पुस्तकाचा वापर कशासाठी होतोय हे १९७३नंतर दिसत होतं, १९८४नंतर तर दडवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ज्या लेखकाने नाव आणि धर्म हिरावला जाण्याची वेदना इतकी खोलात जाऊन लिहिली, त्याच्याकडून निदान एक वाक्य अपेक्षित होतं. या पुस्तकाच्या नावाने हे करू नका. मारिया तोदोरोवा यांनी धर्मांतराची ही कथा बल्गेरियन इतिहासलेखनात, कादंबरीत आणि सिनेमात कशी घट्ट रुतून बसली याचा मोठा अभ्यास केला आहे. तो वाचताना कळतं की दोन्चेव्ह एकटे नव्हते, त्यांच्या आधीपासून आणि नंतरही एक आख्खी परंपरा तेच सांगत होती. पण परंपरेत सगळ्यात जास्त वाचला गेलेला आवाज त्यांचा होता, म्हणून त्यांच्या गप्प राहण्याचं वजनही जास्त.

१९६०च्याच दशकात दुसऱ्या वाटेनं गेलेली एक लेखिका शेजारी ठेवून पाहावी. व्हेरा मुताफ्चीएवा. मध्ययुगाचे इतिहासकार पेतर मुताफ्चीएव्ह यांची मुलगी, स्वतः उस्मानी दप्तरं वाचणारी संशोधक. अठराव्या शतकाच्या अखेरच्या लुटारू टोळ्यांच्या धामधुमीवर तिने दोन भागांची कादंबरी लिहिली आणि त्याच काळावर स्वतंत्र संशोधनग्रंथही. १९६७च्या 'जेमचं प्रकरण' या कादंबरीत तर तिने गादीच्या झगड्यात हरलेल्या, सुलतानाच्या मुलाची गोष्ट साक्षीदारांच्या जबान्यांतून मांडली. रोड्सचे ख्रिस्ती सरदार, पोपचा दरबार, स्वतः जेमचा कवी मित्र असे सगळे जण मेल्यानंतर वाचकासमोर येऊन आपापली बाजू सांगतात, कुणीच पुरता खरा नाही, कुणीच पुरता खोटा नाही. अशा कादंबरीचा पुरावा म्हणून उपयोग करायला गेलं तर ती हातातून निसटते. मला दोन्चेव्ह यांची कादंबरी अधिक हलवून गेली आणि मुताफ्चीएवा यांच्यावर माझा अधिक विश्वास बसला. हे दोन्ही मी तसंच राहू देतो.

बल्गेरियन वाचकांनी आपला कौल दिलाच आहे. २००९मध्ये राष्ट्रीय दूरचित्रवाणीच्या 'मोठं वाचन' या मोहिमेत देशातल्या सर्वात लाडक्या पुस्तकांत ही कादंबरी दुसरी आली. २०१५मध्ये प्रेक्षकांनी आवडता बल्गेरियन चित्रपट निवडला तेव्हा पहिला नंबर 'जुलमाचा काळ'चा लागला. तर ११ जानेवारी २०१२ला संसदेने ठराव करून बल्गेरियन मुसलमानांचं जबरदस्तीचं आत्मसातीकरण निषेधार्ह ठरवलं आणि १९८९मध्ये तुर्कांना घालवून देण्याला वांशिक शुद्धीकरण म्हटलं. कादंबरीवर प्रेम करणारे आणि त्या ठरावाला मान डोलावणारे लोक पुष्कळदा एकच आहेत, असं मला वाटतं.

१९९०च्या नव्या कायद्याने लोकांना आपली जुनी नावं परत घेता आली. सुरुवातीला त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागे, वर्षअखेरीस ती पद्धत सोपी झाली. रोदोपीतल्या कित्येक घरांत आजही एकाच माणसाची दोन नावं चालतात, एक गावात हाक मारायचं आणि एक शहरातल्या नोकरीवर सांगायचं. चेपिनो खोऱ्यात मशिदीतून अजान होते. आणि वेलिन्ग्रादकडून येणाऱ्या रस्त्यावर गावाच्या तोंडाशी पाटी लागते, तिच्यावर नाव असतं द्रागिनोवो.